उशाशी कोण?

किगालीतल्या रुग्णालयात आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या कायितेसीच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडलं. झिम्बाब्वेहून आलेल्या गणिताच्या सरांचं उद्या ऑपरेशन होतं. सोबत एका विद्यार्थ्याची आई होती.

“माझा विमा भारीतला आहे, ताई. वेळ पडली तर विमानानं मायदेशी नेतील.”

“नेतील हो! पण इथं रोजचा डबा कोण आणणार? उशाशी कोण बसणार?”

“ते विम्यात नाही?”

“कुठल्या विम्यात असतं, सर?”

“मग ऑपरेशन पुढे ढकलतो.”

“काही नको. आम्ही आयांनी दिवस वाटून घेतलेत. उद्याचा माझा.”

“तुमच्या गान्झाला मी नापास केलंय!”

“म्हणून तर! पास कोण करणार त्याला? फक्त रविवार राहिलाय, आम्ही सगळ्या चर्चमध्ये असतो.”

“रविवारी मी येते,” कायितेसी मागे वळून म्हणाली.