खेकड्यांचा तपास

चहा घ्या, मग सांगतो हवालदारानं माझी पिशवी कशी धरली ते.

लेक भूगावला दिलेली. तिला दिवस गेलेले, अन् डोहाळे खेकड्याच्या कालवणाचे. मी बांधावरचे खेकडे पिशवीत बांधले. पौडला बसच्या खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरली आणि चहाला गेलो.

परत येतो तर सगळी माणसं बसमधनं खाली उतरलेली.

कंडक्टरला विचारलं, "बंद पडली काय?"

"बाबा, लांब व्हा. बेवारस पिशवी हाय. आत कायतरी खुडबुडतंय."

मीही मागं सरलो. मग खिडकीतून दिसली, ती तर माझीच.

"अवो, खेकडं हायेत ती."

कुणाचा विश्वास बसंना. हवालदार आला. काठीनं पिशवीचं तोंड उघडून त्यानं आत बराच वेळ बघितलं. मग हळूच विचारलं, "शेतातली का वढ्याची?"

"शेतातली."

"पिशवी तपासाला ठेवावी लागंल."

माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणालो, "साहेब, तपास कालवण करून करनार, का भाजून?"

सगळी हसली. हवालदारानं गुमान पिशवी दिली. पण भूगाव येईस्तोवर ती मी मांडीवरनं खाली ठेवली न्हाई.