सव्वा अकराची खेप

बलभीम : सही कुटं करू, मॅडम? हितं का खाली?

करिश्मा मॅडम : आधी वाचा तरी, दादा.

बलभीम : कागुद तुमी शाळंतनं आणलाय म्हंजी बराबरच असंल. कारखान्यावर उसाची गाडी नंबरला लावून आलोय, दोन तासात नंबर लागतोय माझा. द्या पेन.

गजराबाई : आरं, वाच म्हणत्यात तर वाच की. सातवीपस्तोर शिकीवलं ते काय डोळं झाकून सही ठोकायला? मॅडम, तुमीच वाचा बाई. ह्या माझ्या लेकाला टेप ऐकून ऐकून कान ऱ्हायले न्हाईत, आता डोळं बी गेलं वाटतं.

करिश्मा मॅडम : असं लिहिलंय, की माझी मुलगी वैष्णवी बलभीम, इयत्ता तिसरी, हिला मी माझ्या मर्जीनं जूनपर्यंत घरी ठेवत आहे. शाळेबद्दल माझी काही तक्रार नाही.

गजराबाई : कुणाच्या मर्जीनं?

करिश्मा मॅडम : वडिलांच्या.

गजराबाई : आगं माय! लेकरू रोज सकाळच्याला गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून उंबऱ्यावर बसतंय. आता बी बगा, आज रविवार हाय, तरी बसलंय. तिची माय हरभरा काढायला जाती, म्या एकली म्हातारी. दाराला कडी घालावी लागती, न्हायतर थेट शाळंकडं पळती. आन म्हणं मर्जी!

बलभीम : आये, जरा दम धर. मॅडम, हेडसर तर म्हणाले व्हते, हंगाम सरंस्तोवर घरी ठिवा, हजेरी आमी लावतो. म्या म्हणलं, चांगलंच हाय की. नाव बी ऱ्हातंय, भांडण बी मिटतंय.

करिश्मा मॅडम : लावली ना हजेरी. अकरा दिवस मीच लावली. ती इथं उंबऱ्यावर आणि हजेरीपटावर हजर. खोटं आहे हे कळत होतं मला, दादा. मुरुमहून बदली होऊन सहाच महिने झाले, हेडसरांपुढं तोंड उघडलं नाही. रोज स्वतःचीच लाज वाटायची.

बलभीम : मंग आता ह्यो कागुद कशाला?

करिश्मा मॅडम : कायद्यानं तिला शाळेतून काढता येत नाही. म्हणून तुमच्याकडून लिहून घ्यायचं. उद्या वरून कुणी तपासायला आलं तर शाळा म्हणणार, आम्ही कुठं काढली, बापानंच ठेवली घरी.

गजराबाई : म्हंजी बंदूक त्यांची आन खांदा आमचा.

बलभीम : पर जूनला घेत्याल की परत.

करिश्मा मॅडम : कोण घेतं, दादा? एकदा वर्ग तिच्याशिवाय चालायची सवय झाली, की तिची जागासुद्धा राहत नाही. आत्ताच तिच्या बेंचावर खडूचं खोकं ठेवलंय.

बलभीम : चूक आपलीच हाय, मॅडम. श्रीमंतरावाच्या नातीला चावली ती. रगात आलं. त्येच शाळंच्या समितीचे अध्यक्ष. म्या सोता जाऊन पाया पडलो त्यांच्या. म्हणाले, आमच्या लेकरांनी काय चावून घ्यायला शाळंत यावं का?

करिश्मा मॅडम : मोनिकाचा हात मीच धुतला. चार दात उमटले होते. पण वैष्णवी उगाच चावली नाही. मोनिकानं तिला मागून मिठी मारून धरलं होतं. बिचारीनं काळजीनंच धरलं. वैष्णवी दाराकडं पळत होती, आणि समोरच रस्ता. ट्रॅक्टरखाली जाईल म्हणून सगळी पोरं भितात.

बलभीम : दाराकडं पळती व्हय. ठावं हाय मला.

करिश्मा मॅडम : तुम्हाला कसं ठाऊक?

बलभीम : न्हाय, असंच. तुमी सांगा.

करिश्मा मॅडम : गुरुवारी ते महांतप्पा सर येतात ना, वैष्णवीसारख्या न बोलणाऱ्या मुलांसाठीचे विशेष शिक्षक, पंधरा शाळा फिरतात. आमच्या वाट्याला दोन तास. ते म्हणाले, पोर ओरडली की रागवू नका, घड्याळ बघा. किती वाजले, त्याच्या आधी काय घडलं, लिहून ठेवा. ही बघा वही.

गजराबाई : मोठ्यांदी वाचा. मला कुटं अक्षर येतंय.

करिश्मा मॅडम : सोमवार, सव्वा अकरा. किंचाळली, दाराकडं पळाली. सोमवारीच पावणेचारला पुन्हा तसंच. मंगळवार, सव्वा अकरा. बुधवारी काही नाही. गुरुवार, सव्वा अकरा. गुरुवार, पावणेचार…

बलभीम : बुधवारी काय न्हाय?

करिश्मा मॅडम : काहीच नाही. दिवसभर शांत होती. अख्खी मण्यांची माळ ओवली तिनं त्या दिवशी.

बलभीम : कंचा बुधवार?

करिश्मा मॅडम : संक्रांत झाल्यावरचा.

बलभीम : त्या दिशी माझा टायर फुटला व्हता. खेपच झाली न्हाय.

गजराबाई : आता टायरचं काय काढलंस मधीच?

करिश्मा मॅडम : उसाचे ट्रॅक्टर दिवसभर जातातच. टेप लावलेला आला की ती कान दाबून बेंचाखाली वाकते, गेला की वर येते. तेवढं सोसते ती. पण एक ट्रॅक्टर आहे. शाळेच्या वळणावर आला की मुद्दाम आवाज वाढवतो आणि वर तीनदा हॉर्न. तो आला की तिचं सगळं संपतं. हेडसरांना म्हटलं, त्या ड्रायव्हरला गाठू. ते म्हणाले, हंगामात कुणाकुणाला सांगत बसू? ट्रॅक्टर थांबवण्यापेक्षा एक पोर घरी बसवणं सोपं आहे.

गजराबाई : कोण मेला त्यो? घरात लेकरं न्हाईत का त्येच्या?

बलभीम : तीन हॉर्न म्या देतो, आये.

गजराबाई : काय?

बलभीम : सव्वा अकराला भरल्याली गाडी घिऊन जातो. पावणेचारला दुसरी. त्यो ट्रॅक्टर माझा हाय, मॅडम.

करिश्मा मॅडम : पण का, दादा?

बलभीम : पहाटं चारला घर सोडतो. येतो तवा लेक झोपल्याली असती. हंगाम सुरू झाला की जागी लेक मला घरात दिसतच न्हाय. दिवाळी झाल्यावर एक दिस वळणावर आलो, तर ही दारात. दोनी हात वर. म्या वर शीटवर बसल्यालो, लांबनं तोंड दिसत न्हाय, हातच दिसत्यात. म्हणलं, पप्पा आला म्हणून नाचती. जिनं कदी मला पप्पा म्हणलं न्हाय, ती नाचती! माझं काळीज सुपाएवढं झालं, मॅडम. दुसऱ्या दिशी वळणावर टेप वाढीवला, हॉर्न दिला. आली परत दारात. मंग रोजच. नवा साऊंड बी बसीवला. सगळ्या ड्रायव्हरांला सांगत सुटलो, माझी लेक बोलत न्हाय, पर माझा ट्रॅक्टर वळखती.

करिश्मा मॅडम : हात वर नव्हते, दादा. कानावर होते.

बलभीम : मंग ती दारात का यायची?

करिश्मा मॅडम : दार लावायला. दार लागलं की आवाज थांबेल असं तिला वाटतं. वरच्या कडीला तिचा हात पुरत नाही, आणि तेवढ्यात पोरं मागून ओढतात.

गजराबाई : घरात मिक्सर लावला की हीच गत हिची. दोन वर्सं झाली, म्या पाट्यावर वाटते. तिची माय बी भांडी आपटत न्हाय. आन तू रस्त्यानं बाजा लावून फिर! आरं, इचारायचं तरी एकदा.

बलभीम : कवा इचारू? आन तुमी तरी कवा सांगितलं?

गजराबाई : तू घरात असतोस कवा, सांगायला?

बलभीम : म्हंजी माझ्या लेकीला शाळंतनं म्याच काढली.

करिश्मा मॅडम : तुम्ही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला वहीत वेळा दिसत होत्या, तरी आम्ही तिलाच घरी बसवलं.

बलभीम : आये, अजून हाय का ती उंबऱ्यावर?

गजराबाई : हाय. पाठ करून बसलीया.

बलभीम : काय सांगू जाऊन तिला? कळंल का?

गजराबाई : सांगू नगंस काही. साऊंड काढून टाक. तेवढं कळंल.

करिश्मा मॅडम : हा कागद मी सहीशिवायच परत नेते. शनिवारी समितीची बैठक आहे. जे आत्ता बोललात, ते तिथं बोलाल?

बलभीम : सगळ्या गावाम्होरं?

करिश्मा मॅडम : हो. मीही बोलेन. हजेरीचंसुद्धा सांगेन.

बलभीम : हसतील लोक. म्हणतील, बाप असून लेकीचं रडणं कळंना.

गजराबाई : हसतील त्यांचे दात दिसतील. तू जा.

(शनिवारच्या बैठकीनंतरचा मंगळवार. शाळेचं फाटक. चार वाजून गेले आहेत. उसानं भरलेला ट्रॅक्टर लांब, पिंपळाखाली उभा आहे.)

करिश्मा मॅडम : इतक्या लांब लावलात?

बलभीम : हिंजनाचा आवाज बी नगं म्हणलं. आये कुटंय?

करिश्मा मॅडम : मधल्या सुट्टीतच घेऊन गेल्या तिला. आपण दोघं एवढं बोललो, तरी समितीनं तेवढंच कबूल केलंय ना, सुट्टीपर्यंत शाळा, तीही आजी वर्गात बसणार असेल तर. पूर्ण दिवसासाठी मी वर अर्ज दिलाय. बघू.

बलभीम : श्रीमंतराव?

करिश्मा मॅडम : अजून बोलत नाहीत माझ्याशी. मोनिकाला दुसऱ्या रांगेत बसवायला लावलं त्यांनी. पण ती पोरगी काल आपली मण्यांची डबी वैष्णवीच्या बेंचावर ठेवून गेली, काही न बोलता.

बलभीम : ड्रायव्हरांला बी सांगितलं म्या. वळणावर टेप बंद करा म्हणलं. निम्मे ऐकत्यात. निम्मे चिडीवत्यात, बल्या, तुजाच तर बाजा सगळ्यात मोटा व्हता.

करिश्मा मॅडम : निम्मे तर निम्मे.

बलभीम : मॅडम, आज सव्वा अकराला गेलो म्या. नुसता. हॉर्न न्हाय, काय न्हाय. दाराकडं बगितलं.

करिश्मा मॅडम : मग?

बलभीम : कुणीच न्हवतं दारात.

करिश्मा मॅडम : आत बसून मणी ओवत होती, दादा. मान वर केली नाही तिनं.

बलभीम : म्या गेल्यालं तिला कळलंच न्हाय?

करिश्मा मॅडम : नाही. मलाही कळलं नाही.

बलभीम : पाडव्याला हंगाम सरतोय. तवर लेक झोपल्यालीच बगायची आता.

करिश्मा मॅडम : दादा…

बलभीम : न्हाय, बराबर हाय, मॅडम. उद्या बी असाच जातो.