चारही बाजूंनी पक्कं मखर

हसू नका, पण सांगतोच. आमचा चुलतभाऊ मंदारदादा ठाण्याच्या कॉलेजात गणितातल्या मॉड्युलॅरिटीवर संशोधन करतो. यंदा गणपतीचं मखर त्याने चार घरांत वाटून दिलं.

"प्रत्येकाने आपली एक बाजू करायची, दुसऱ्याच्या बाजूत नाक खुपसायचं नाही. कडा जुळल्या की झालं! गणितातली मोठी कोडीपण अशीच तुकड्यांत सोडवतात."

चतुर्थीच्या सकाळी प्लायवूडच्या चारही बाजू कोपरला आमच्या घरी आल्या. नट आतून आवळायचे, म्हणून मी आत बसलेलो. कडा अगदी चपखल जुळल्या. शेवटची बाजू दादाची, छतासकट. ती लागली आणि आत अंधार झाला. समोरची उघडी बाजू दुसरं कुणीतरी करेल, असं चौघांनाही वाटलेलं. मी आत कोंडलोय हे सांगायचीही मला लाज वाटली.

तेवढ्यात बाबा मूर्ती घेऊन दारात आले. आई ओरडली, "अरे मंदार, बाप्पा बसणार कुठे?"

"काकू, सिद्धांत बरोबरच आहे हं."

"सिद्धांत ठेव बाजूला, माझे हात भरून आलेत!" बाबा म्हणाले.

मग मात्र मला राहवलं नाही. मी आतून हळूच म्हणालो, "आई, इथे जागा आहे. मी उठतो ना."