मोहाजवळची तार

नीलिमा वीज खात्यात अभियंता. सावली गावच्या ऑफिसात नव्यानं रुजू व्हायला निघालेली ती गडचिरोलीच्या बसथांब्यावर बसली होती. शेजारी दोन म्हातारी माणसं बोलत होती.

“लटारूभाऊ, मी सावलीले अर्ज द्याले चालली. आमच्या गावची तार जमिनीखालून न्या म्हणते.”

“काऊन, कमळाबाई?”

“वादळात फांदी पडते, तार तुटते. म्हून दरसाल माह्या मोहाच्या फांद्या छाटतेत. त्याचेच फुलं इकून आमचा चैताचा महिना जाते.”

“खाली टाकली त वादळाचं भेव नाई, हे खरं. पण माह्या जावयाच्या गावात पूर आला, अन् खालच्या तारेत पानी शिरलं. बिघाड शोधाले आठ दिवस लागले. वरची तुटली त डोळ्याले दिसते तरी.”

“आमचं गाव उंचावर हाये. तिथी पूर येत नाई.”

“मंग नाली खोदतीन, मोहाच्या मुळ्या तोडतीन. फांद्या वाचतीन अन् झाड मरन.”

कमळाबाईनं पिशवीतून कोरा कागद काढला. तो तिनं नीलिमापुढे धरला.

“बाई, तुमी शिकल्यासवरल्या दिसता. एवढं लिहून द्या. तार वरून न्या का खालून न्या, पण मोहापासून दूर न्या.”

नीलिमानं पेन काढला. “कोणाच्या नावानं लिहू?”

“नवी इंजिनेर बाई येऊन राह्यली म्हणे. तिच्या नावानं लिवा.”

नीलिमाला हसू आलं. तिनं पेन परत पर्समध्ये ठेवला.

“मग लिहायचं राहू द्या. आधी मला तुमचा मोह दाखवा.”