खिळे ठोकलेली जमीन

—नाही, बसा ना काका, कॉफी संपवा, फक्त पाय तेवढे वर घ्या. हा खिळा तुमच्या चपलेखालीच आलाय. दुरुस्ती कसली, उखडतेय. आणि वरून आजोबा ओरडतील, तिकडे लक्ष देऊ नका— 'नुआन, मेले, घर मोडतेस काय!'— ऐकलंत? सकाळपासून हेच. हो आजोबा, मोडतेय!

बँकॉकहून आलात ना, शंभर वर्षांचा लाकडी बाजार बघायला? मग ऐका. शंभर वर्षं इथे जमिनीच्या फळ्या सुट्या असायच्या, नुसत्या तुळयांवर ठेवलेल्या. नदी चढली की फळ्या उचलायच्या, माळ्यावर रचायच्या, पाण्याला म्हणायचं ये बाबा, रहा आणि जा. घर आपल्या खांबांवर जागच्या जागी. मग पाहुणे यायला लागले, बायकांच्या टाचा फटींत अडकायला लागल्या— आणि आमच्या थावीशेठनं, तो समोरचा औषधवाला, बाजार कमिटीचा अध्यक्ष, त्यानं ओळीतल्या सगळ्या घरांच्या फळ्या ठोकून घेतल्या. वर पॉलिश! आता खालून पाणी आलं तर त्यानं जायचं कुठे? जमीनच वर ढकलणार, जमिनीबरोबर भिंती, आणि अख्खी ओळ खांबांवरून सुटणार. हे मी बैठकीत बोलले, तर शेठ म्हणतो, कॉलेज सोडलेल्या पोरीनं मला घरं बांधायला शिकवू नये. आणि आमचा म्हातारा हसला. जन्मभर स्वतः फळ्या उचललेला माणूस— हसला!

म्हणे पाणी येणारच नाही. का? देवी म्हणाली. घाटावर थाप्थिम देवीचं देऊळ आहे ना, तिथे दोन लाकडी चंद्रकोरी टाकतात— एक उताणी, एक पालथी पडली की देवीचा होकार. पहिल्यांदा दोन्ही पालथ्या. दुसऱ्यांदाही पालथ्या. नाही म्हणजे नाहीच ना? पण शेठ म्हणाला, देवी झोपेत आहे, उदबत्त्या लावा. तिसऱ्या खेपेला पडलं मनासारखं. झालं! सगळे म्हातारे उठून बदक-भात जेवायला गेले. म्हणून आमचा हा खाली उतरत नाही. देवीनं शब्द दिलाय म्हणतो.

भिंत? वाळूच्या पोत्यांची, बघितलीत येताना? तिच्याचमुळे तुम्ही कोरडे बसलात. पण इथे अडवलेलं पाणी जातं कुठे? पलीकडच्या काठाला बघा. ते हिरवं पत्र्याचं छप्पर— तिथे माझी आई आहे. बाप गेल्यावर म्हाताऱ्यानं तिला बाहेर काढलं. शेतकऱ्याची पोर, बाजाराला शोभत नाही म्हणे. आता पत्र्याखाली माळ्यावर बसलीय, खाली छातीएवढं पाणी. काल फोनवर बोलली नाही, नुसती खोकत होती. शेठला म्हटलं, थोडी भिंत उघडा, तिकडचं पाणी उतरेल, तर म्हणतो शनिवारी पाहुणे यायचेत. म्हणजे तुम्ही, काका. म्हणून म्हटलं, भिंत कापल्यावर निदान हे एक घर तरी—

फुटल्यावर. फुटल्यावर म्हणाले मी.

असे काय बघताय? बरं, कापल्यावर! वाळू संपली तेव्हा शेठनं कोपऱ्यातल्या पोत्यांत कोंडा भरला. ती पोती कुठली, ते मामाला, आईच्या भावाला, मीच दाखवलंय; भिंत तोच कापणार. बाकीची घरं? सांगितलं की! दारोदार गेले, खिळे काढा नाहीतर म्हातारी माणसं हलवा म्हणून. एका शिंपिणीनं ऐकलं, बाकीच्यांनी तोंडावर दार लावलं. कापणार ते? ते कसं सांगू? सांगितलं असतं तर शेठनं भिंतीवर माणसं बसवली असती. पलीकडची माणसं बुडताना कुणी विचारलं होतं त्यांना? बोला ना. 

पोलिसांना फोन करताय? करा. तेही शेठच्याच दुकानात बसलेत, चहा पीत.

ओळखीचा आवाज आहे हा, थांबा... मामाची होडी. पण इतक्यात कशी? अंधार पडल्यावर ठरलं होतं. माझी ही कडेची खिळ्यांची ओळ अजून तशीच आहे— आजोबा! आजोबा, खाली या! हात जोडते, एकदा तरी माझं— हसताहेत. ऐकलंत, हसताहेत.

होडीचं इंजिन बंद केलं, भिंतीपाशी पोचले ते.

उठा काका. गाडी इथेच सोडा, पायी देवळामागच्या चढावर जा. नाही, तुम्ही वर नका जाऊ, म्हाताऱ्याला मी बघते. जा म्हणतेय ना. जा!