जमुनानं उकळलेली सुई

सन एकोणीसशे एकवीसमध्ये बार्शीटाकळीच्या दवाखान्यात औषधासाठी बसलो होतो. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

"जमुनाचा नवरा दिसला मले. थो वाचला कसा वं?"

"तिच्यामुळं. जर्मनच्या लढाईत बसऱ्याले त्याचा पाय फुटला, तवा दुखू नये म्हणून फौजेतले डाक्टर अफूच्या अर्काची सुई देत. घरी आला तरी सुई सुटली नाई."

"आनखी दोघं होते ना त्याच्यासंगं?"

"हो, पलटणीतलेच, त्याहिलेबी तीच सवय. तिघांत एकच सुई. एकाचा दंड पिकला, रक्तात विष भिनलं अन् आठ दिवसांत गेला. दुसरा धनुर्वातानं गेला."

"लोक तं म्हणतात, अफूनं मेले."

"डाक्टर म्हणे, घाणेरड्या सुईनं मेले. थे आयकून जमुनानं सुई आपल्या ताब्यात घेतली. रोज चुलीवर उकळे, नवऱ्याचा हात साबणानं धुवे, मंगच टोचे. डाक्टर सांगे तशी दवा थोडी थोडी कमी करे."

"सासू गप बसली?"

"कायची गप. म्हणे, सून माह्या पोराले आपल्या हातानं जहर देते. शेजाऱ्यायनं तिच्या घरचं पाणी सोडलं."

"मंग?"

"जमुना म्हणे, सुटन तवा सुटन, पन सुटाले माणूस जित्ता पायजे."

"अन् सुटली?"

"दोन वर्सं लागली. आता दोघं संगं कापूस वेचाले जातात."

"मले तिच्या घरी घेऊन चालतं का? माह्या भावाच्या दंडावर सुईच्या जागी गाठ आली हाये."