शिरपूर गाडीत गेलेला गफूरचा आवाज

जबाब
दि. १३/०२/२०२५, गुरुवार

निंबा सुकदेव महाजन, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी केळीच्या पेट्या भरणे, आता काही नाही, शिक्षण सातवीपर्यंत, रा. रावेर, जि. जळगाव.

मी धुळे येथील पोलीस चौकीत स्वतः हजर राहून सांगतो की, वस्तू सोमवारी हरवली आणि सांगायला मी आज आलो. या उशिराबद्दल आधी माफी मागतो. मधले दोन दिवस मी शिरपूरला जाऊन स्वतःच शोधत होतो.

हरवलेली वस्तू म्हणजे काळा जुना लॅपटॉप, झाकणाचा उजवा कोपरा फुटलेला, निळ्या रेक्झिनच्या पिशवीत. तो गफूर पिंजारी, वय ६९, रा. रावेर यांचा आहे. गफूर केळीचा ट्रक चालवायचा आणि मी पेट्या भरायचो, असे आम्ही चाळीस वर्षे काम केले. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात त्याचा आवाज गेला. त्याच्या जाड बोटांना मोबाईलवरची अक्षरे सापडत नाहीत. म्हणून लिहिलेले मोठ्याने बोलून दाखवणारा प्रोग्राम लॅपटॉपवर बसवायचे ठरले.

त्याची मुलगी अलफिया धुळ्यात नोकरी करते. लॅपटॉप जुना असल्यामुळे तिने त्यात लिनक्स नावाची हलकी सिस्टीम टाकून दिली आणि फायली पेनड्राइव्हवर पाठवल्या. बसवण्याचे काम मी अंगावर घेतले. मला कोणी सांगितले नव्हते. आत काय असते ते पाहायचे होते.

बोलणाऱ्या प्रोग्रामची फाइल डेब प्रकारची होती. आमच्या लिनक्सला तोच प्रकार चालतो. ती बसवताना मशीनने आधी आणखी दोन फायली मागितल्या. मोबाईलचे इंटरनेट जोडल्यावर त्या त्याने स्वतःच आणल्या. मराठी आवाजाची फाइल मात्र आरपीएम प्रकारची होती, म्हणजे दुसऱ्या जातीच्या लिनक्ससाठी भरलेली. आमच्या कामात दिल्लीची पेटी वेगळी आणि परदेशची वेगळी असते. घाईच्या दिवसात आम्ही पेटीवरचे लेबल बदलून माल पाठवत असू. तसेच मी फाइलच्या नावाचा शेवट बदलून डेब केला. मशीनने ती घेतली नाही. मी चार वेळा केले.

अलफियाला फोन केला. ती हसून म्हणाली, "चाचा, लेबल बदललं म्हणून पेटी बदलते का? आतला माल काढा आणि आपल्या पेटीत भरा." त्या कामाचा एक वेगळा प्रोग्राम असतो. तिने सांगितलेली ओळ मी वहीत लिहून घेतली आणि एकेक अक्षर बघून टाइप केली. जुन्या फायलीतून नवी डेब फाइल तयार झाली. आतला माल तोच राहिला. असे का होते ते मी तिला तीन वेळा विचारले. ती वही माझ्याकडे आहे, पाहिजे तर दाखवतो.

आवाज निघाला, पण फार भरभर. म्हणून सोमवारी सकाळी मी लॅपटॉप धुळ्याला अलफियाकडे आणला. तिने आवाज सावकाश केला आणि परत दिला.

दुपारी चार वाजता, पाच मिनिटे मागेपुढे असतील, मी स्टँडवर आलो. रावेर गाडीला गर्दी होती. मी नेहमीप्रमाणे खिडकीतून पिशवी सीटवर टाकली आणि दाराकडे गेलो. आत गेलो तर त्या सीटवर रुमाल होता. शेजारची बाई म्हणाली, "ओ आबा, हाऊ रुमाल मना शे. तुमनी पिशवी आठे नही." पिशवी तिथे नव्हती, म्हणून मी सगळ्या सीटांखाली पाहिले. मग खिडकीबाहेर पाहिले तेव्हा शेजारी उभी असलेली शिरपूर गाडी निघून गेली होती. पिशवी मी तिच्या खिडकीतून टाकली होती. दोन्ही गाड्या एकसारख्या लाल होत्या, पण पाटी वाचायला हवी होती. शिरपूर गाडीच्या कंडक्टरने अशी पिशवी पाहिली नाही असे सांगितले.

माझा कोणावरही संशय नाही. चूक माझी आहे. गफूरला मी निरोप दिला आहे की मशीन अजून अलफियाकडे आहे. अलफियाला खरे काय ते सांगितले आहे.

ओळखीची खूण विचारली म्हणून सांगतो. लॅपटॉपला पासवर्ड नाही. सुरू केला की तो एक वाक्य बोलतो. मराठी आवाज बसला त्या दिवशी गफूरने पहिले वाक्य टाइप केले, तेच अलफियाने सुरुवातीला लावले. ट्रक भरायला वेळ लागला की तो केबिनमधून तेच ओरडायचा. वाक्य असे आहे: "निंब्या, किती उशीर रे!"

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, त्यावर सही करतो.

सही करण्याआधी एक ओळ वाढवून घेतली: लॅपटॉप कुठेही सापडला आणि ते वाक्य ऐकू आले, तर ते मलाच आहे असे समजावे आणि लवकर कळवावे.

सही/- निंबा सुकदेव महाजन